बहिष्कार कुठे लागू पडतो आणि कुठे वाया जातो

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला मोठमोठ्या भेगा पडलेल्या दिसल्या आणि ती रिकामी करण्यात आली. खालच्या भागातली बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी उघडलीच नाहीत. वरच्या मजल्यांवरचे तयार कपड्यांचे पाच कारखाने मात्र उघडले. कामगार आत जायला कचरत होते. पगार कापू अशी भीती घालून त्यांना वर पाठवलं गेलं. सकाळी नऊच्या सुमाराला इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली आणि अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली.

बँकेला एक दिवस बंद राहणं जमलं, ते कारखान्यांना का जमलं नाही? बड्या कंपन्यांचा धंदा कसा चालतो हे समजून घ्यायचं तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

कपड्यांच्या मोठ्या ब्रँडचा स्वतःचा कारखाना बहुतेक वेळा नसतोच. ब्रँड डिझाइन ठरवतो, जाहिरात करतो, दुकानं चालवतो. शिवणकाम तो ऑर्डर देऊन दुसऱ्याकडून करून घेतो. त्या ऑर्डरसाठी चार देशांतले कारखानदार टपलेले असतात, त्यामुळे भावही ब्रँडच ठरवतो आणि तारीखही. माल ठरल्या दिवशी जहाजावर चढला नाही तर कारखानदाराच्या बिलातून रक्कम कापली जाते, नाहीतर तोच माल त्याला पदरच्या पैशाने विमानाने पाठवावा लागतो. त्याचा नफा आधीच तुटपुंजा असतो, त्यामुळे एका दिवसाची खोटीही त्याला जड जाते. काम आवाक्याबाहेर गेलं की तो त्यातलं थोडं आणखी लहान कारखान्याकडे वळवतो, आणि त्या लहान कारखान्याचं नाव ब्रँडच्या कोणत्याच कागदावर नसतं. भावाचा आणि तारखेचा दाब असा वरून खाली झिरपत शिलाई मशीनवर बसलेल्या बाईपर्यंत पोचतो. जबाबदारी मात्र उलट्या दिशेने वर चढत नाही. राणा प्लाझा पडल्यावर काही ब्रँडनी आपला माल तिथे शिवला जात नव्हता असं सांगितलं होतं. ढिगाऱ्यातून त्यांच्या नावाची लेबलं आणि ऑर्डरचे कागद निघाल्यावर त्यांना बोलणं बदलावं लागलं.

कपड्यांच्या जागी चॉकलेटमधला कोको, साबणातलं पाम तेल किंवा मोबाइलच्या बॅटरीतलं कोबाल्ट घ्या. तपशील बदलतील, पण साखळीची रचना साधारण हीच राहील.

या साखळीच्या शेवटच्या टोकाला पैसे देणारे आपण. असं काही वाचलं की पहिला विचार येतो, यापुढे या कंपनीची वस्तू घरात आणायची नाही. हा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. ज्या अन्यायाची आपल्याला खबर लागली आहे त्यात आपला पैसा जाऊ नये असं वाटणाऱ्या माणसांमुळेच आजवर कंपन्या हलल्या आहेत. पण विचार तेवढ्यावरच थांबला, तर बसणारा फटका कंपनीला बसेल की त्या शिलाई मशीनवरच्या बाईला, हे सांगता येत नाही.

ज्यांच्यासाठी करायचं, त्यांचं म्हणणं काय?

राणा प्लाझानंतर जगभरातून 'बांगलादेशात शिवलेले कपडे घेऊच नका' अशी हाक उठू लागली. ती थांबवायला पुढे आल्या त्या तिथल्याच कामगार संघटना. लहानपणी बाराव्या वर्षी कारखान्यात कामाला लागलेल्या आणि पुढे कामगारांच्या नेत्या झालेल्या कल्पना अख्तर यांनी परदेशी ग्राहकांना वारंवार सांगितलं, की बहिष्कार घालू नका. ब्रँडना जाब विचारा, करारावर सही करायला लावा. त्या उद्योगावर तेव्हा सुमारे ४० लाख लोकांचं पोट होतं आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. ऑर्डर आटल्या असत्या तर सगळ्यात आधी त्यांचं काम गेलं असतं.

त्यांना हवा होता तो करार मे २०१३ मध्ये झाला. त्याचं नाव 'अकॉर्ड'. दोनशेहून जास्त ब्रँडनी त्यावर सह्या केल्या. आधीच्या सगळ्या गोड आश्वासनांपेक्षा तो वेगळा ठरला, कारण तो कायद्याने बंधनकारक होता, त्याच्या कारभारात कामगार संघटनांना बरोबरीची जागा होती, इमारती तपासणारे इंजिनिअर कारखानदाराच्या पगारावर नव्हते आणि तपासणीचे अहवाल सर्वांना वाचता येत होते. दीड हजारांहून जास्त कारखाने असे तपासले गेले. ग्राहकांचा राग इथे खूप उपयोगी पडला, कारण सही न करणाऱ्या ब्रँडकडे लोक बोट दाखवत होते. तो राग देशाविरुद्ध न जाता सहीसाठी वापरला गेला, हे महत्त्वाचं.

याच देशात त्याच्या वीस वर्षं आधी याच्या अगदी उलट घडलं होतं. बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात बंद करणारं एक विधेयक १९९२ साली अमेरिकेच्या संसदेत मांडलं गेलं. टॉम हार्किन हे सिनेटर त्यामागे होते आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. विधेयक मंजूर झालंच नाही. पण बाजारपेठ जाईल या धास्तीने बांगलादेशातल्या कारखानदारांनी मुलांना कामावरून काढून टाकलं. युनिसेफच्या म्हणण्यानुसार अशी सुमारे ५०,००० मुलं रस्त्यावर आली. ती शाळेत गेली नाहीत. त्यांतली बरीच खडी फोडायला, रस्त्यावर फेरी करायला लागली, काही मुली वेश्याव्यवसायात ओढल्या गेल्या. अखेर १९९५ साली कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला. मुलांना काढायचं, पण त्यांच्यासाठी शाळेची सोय आणि घरी थोडा भत्ता देऊनच, असं ठरलं. ही सोय आधी झाली असती तर किती मुलांचे हाल वाचले असते, या विचाराने आजही वाईट वाटतं.

म्हणजे कामगाराला झळ लागत असेल तर बहिष्कार कधीच घालू नये का? असंही नाही. गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले तेव्हा मुद्दाम लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या भागात जाऊन राहिले. मंदी आणि विदेशी कापडावरचा बहिष्कार अशा दुहेरी माराने तिथे हजारो कामगार बेकार झाले होते. त्यांच्यासमोर उभं राहून गांधीजींनी आपल्याकडच्या दारिद्र्याची बाजू मांडली आणि त्या लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. बहिष्कार घालणाऱ्याने स्वतःला हा प्रश्न जरूर विचारावा: ज्याचं काम यामुळे जाऊ शकतं त्याच्यासमोर जाऊन मला माझं कारण सांगता येईल का?

एका पेनीची गोष्ट

बहिष्कार नेमका कसा लागू पडतो हे दाखवणारं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं आहे. तिथे इम्मोकली नावाचं गाव टोमॅटोच्या शेतीसाठी ओळखलं जातं. शेतमजूर बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमाला आणि हैतीहून आलेले. मजुरी नगावर. साडेचौदा किलोची, म्हणजे त्यांच्या मापाने ३२ पौंडांची, बादली भरून ट्रकवर चढवली की ४० ते ४५ सेंट मिळायचे. हा दर वर्षानुवर्षं जवळपास जागचा हलला नव्हता. मजुरांनी आधी संप केले, उपोषणं केली. बागायतदार म्हणायचे, आम्हाला वरून भावच मिळत नाही तर तुम्हाला कुठून देऊ? त्यात तथ्यही होतं. टोमॅटो ढिगाने घेणाऱ्या मोजक्या बड्या साखळ्या भाव पाडून मागत.

मग मजुरांनी मोर्चा त्या खरेदीदारांकडे वळवला. २००१ साली त्यांनी टाको बेल या फास्ट फूडच्या एकाच कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. मागणी लहान मुलालाही कळेल अशी होती: टोमॅटोला पौंडामागे एक पेनी, म्हणजे एक सेंट जास्त द्या आणि तो सरळ मजुराच्या हातात पडू द्या. आता हिशेब करून बघा. ३२ पौंडांच्या बादलीला ३२ सेंट जास्त. मजुरी दुपटीच्या जवळ जाते, आणि खाणाऱ्याच्या बिलात फरक कळतही नाही.

विद्यार्थ्यांनी हा लढा उचलला. कितीतरी कॉलेजांच्या आवारातून टाको बेलची दुकानं हटवली गेली किंवा येऊ दिली गेली नाहीत. मार्च २००५ मध्ये टाको बेलच्या मालक कंपनीने मागणी मान्य केली. मजुरांनी त्याच दिवशी बहिष्कार मागे घेतला आणि पुढच्या कंपनीकडे वळले. २००७ साली मॅकडॉनल्ड्स आली, २००८ साली बर्गर किंग, २०१४ साली वॉलमार्ट. आता त्या शेतांवर तक्रारीची स्वतंत्र सोय आहे. एखाद्या बागायतदाराने मजुरांचा छळ केला आणि तो दोषी ठरला तर करारातल्या कंपन्यांना त्याच्याकडून माल घेणं थांबवावं लागतं. जो दाब इतकी वर्षं मजुरी पाडायला वापरला गेला तोच आता मजुराच्या बाजूने लागतो.

यात पुष्कळ गोष्टी जुळून आल्या होत्या. हाक कामगारांनी स्वतः दिली होती. एका वेळी एकच कंपनी धरली होती. काय केलं म्हणजे आम्ही परत येऊ हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. शेवटची गोष्ट लोक सर्रास विसरतात. काहीही केलं तरी हे ग्राहक परतणार नाहीत असं कंपनीला वाटलं, तर सुधारण्यात तिला काय फायदा?

कंपन्या घाबरतात कशाला?

विक्री घटते म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते क्वचितच खरं असतं. बहिष्काराला मनापासून पाठिंबा देणारेही सवयीने तीच वस्तू घेत राहतात आणि मोठ्या कंपनीच्या उलाढालीत काही हजार ग्राहक कमी झालेले दिसतही नाहीत. ब्रेडन किंग या अमेरिकी अभ्यासकाने १९९० ते २००५ या काळातल्या बहिष्कारांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलं ते असं, की बहिष्काराची बातमी किती गाजते यावर बरंच अवलंबून असतं, आणि ज्या कंपनीचं नाव आधीच खाली घसरू लागलेलं आहे ती लवकर नमतं घेते. कंपनी जपते ते नाव. त्या नावावरच चार पैसे जास्त मिळतात, चांगली माणसं नोकरीला येतात, गुंतवणूकदार टिकतात.

नाइकीचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात त्यांच्या पुरवठादारांकडच्या कामगारांचे हाल सतत बातम्यांत येत राहिले. 'कारखाने आम्ही चालवतच नाही' हे उत्तर काही वर्षं चाललं. मे १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीर भाषणात कबूल करावं लागलं, की आपल्या मालाचं नाव आता गुलामीची मजुरी आणि सक्तीचा ओव्हरटाइम यांच्याशी जोडलं गेलं आहे. २००५ साली कंपनीने आपल्या सातशेहून जास्त पुरवठादार कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर केले. यादी जाहीर झाल्यामुळे कामगार संघटनांना कुठे जाऊन पाहायचं हे कळलं, म्हणून हे पाऊल मोठं होतं.

पण नावाला लागणारा धक्का इतका प्रभावी असेल, तर तो देणाऱ्यावर खरं बोलायची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. १९९५ साली शेल कंपनीला उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही तेल साठवायची प्रचंड टाकी अटलांटिक महासागरात बुडवायची होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने रान उठवलं, जर्मनीत लोकांनी शेलचे पेट्रोल पंप टाळले आणि २० जूनला कंपनीने बेत सोडला. काही महिन्यांतच कळलं, की टाकीत शिल्लक असलेल्या तेलाचा ग्रीनपीसचा आकडा फारच फुगलेला होता. संस्थेला माफी मागावी लागली. समुद्रात कचरा टाकू नये हा मूळ मुद्दा बरोबर असूनही नंतर बराच काळ चर्चा त्या चुकीच्या आकड्याचीच होत राहिली. मोबाइलवर फिरत आलेला 'या दहा कंपन्यांवर बहिष्कार टाका' असा निरोप पुढे ढकलण्याआधी हे आठवावं. आरोप नेमका काय आहे, कोणी केला आहे, कंपनीचं उत्तर काय, आणि मागणी काय, या चार गोष्टी त्यात नसतील तर तो निरोप पुढे पाठवू नये.

आणि चिकाटी लागते. नेस्लेविरुद्धचा बहिष्कार १९७७ साली अमेरिकेत सुरू झाला. आरोप बाळांच्या दुधाच्या विक्रीबद्दल होता. गरीब देशांतल्या प्रसूतिगृहांत नर्ससारखा पोशाख केलेल्या बायका बाळंतिणींना भेटत आणि पावडरच्या दुधाचे नमुने फुकट देत. बाळ काही दिवस बाटलीवर राहिलं की आईचं दूध आटतं. मग फुकटचा डबा संपलेला असतो आणि विकतचा घ्यावाच लागतो. घरात स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला सरपण नाही, डबा महाग म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. जुलाब आणि कुपोषण यांनी बाळं दगावत. या धंद्यात ती एकच कंपनी नव्हती, पण सगळ्यांत मोठी होती म्हणून तिला धरलं गेलं.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने अशा विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली मंजूर केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एकट्या अमेरिकेचं. १९८४ मध्ये नेस्लेने नियमावली पाळायचं मान्य केलं आणि बहिष्कार थांबला. १९८८ मध्ये, दवाखान्यांना फुकट डबे देणं चालूच आहे असा आरोप करत कार्यकर्त्यांनी तो पुन्हा पुकारला. मधल्या चार वर्षांत कोणी लक्षच ठेवलं नसतं तर ते उघडकीला आलंही नसतं.

मग खरेदी करताना काय बघायचं?

सगळंच्या सगळं निर्दोष विकत घेणं आज कोणालाही शक्य नाही. प्रयत्न करणारा महिन्याभरात थकतो आणि मग सगळंच सोडून देतो. आपण वारंवार घेतो अशा दोन-तीन वस्तूंपुरतं नीट खोलात जाणं बरं.

पाकिटावरच्या शिक्क्यांचा उपयोग आहे, पण सगळे शिक्के एकाच गोष्टीची हमी देत नाहीत. फेअरट्रेडच्या बऱ्याच मालात शेतकऱ्याला किमान भाव ठरलेला असतो आणि वर गावाच्या कामांसाठी वेगळी रक्कम मिळते. रेनफॉरेस्ट अलायन्सचा भर जंगल आणि शेतीच्या पद्धतींवर. तिथे तसा किमान भाव नसतो. 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही', 'जबाबदारीने बनवलेलं' असे शब्द कंपनीने स्वतःच छापले असतील तर ती जाहिरात समजावी.

खऱ्या प्रमाणपत्रालाही मर्यादा असते. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेचं नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, आणि काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तिथे आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे मार्ग बंद. अडीचशेहून जास्त माणसं आत जळाली. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचीही आधी तपासणी झालेली होती. इमारत धड आहे का, हे त्या तपासणीत येतच नव्हतं. म्हणून शिक्क्यापेक्षा त्यामागची व्यवस्था बघावी. तपासनिसाला पैसे कोण देतं, अहवाल बाहेरच्याला वाचता येतो का, आणि कामगारांच्या संघटनेला त्यात काही जागा आहे का?

मालकी हाही गुंता आहे. द बॉडी शॉप हे प्राण्यांवर चाचण्या न करण्यासाठी नावाजलेलं दुकान २००६ साली लॉरिअलने विकत घेतलं. लॉरिअलमध्ये तेव्हा सुमारे चौथा हिस्सा नेस्लेचा होता. नेस्ले टाळणाऱ्या कितीतरी जणांचा आवडता साबण एका रात्रीत त्याच घराण्यात गेला. २०१७ साली लॉरिअलने बॉडी शॉप विकूनही टाकलं. अशा वेळी ब्रँडचा पाठलाग करत बसण्यात फार अर्थ नसतो, असं मला वाटतं.

याहून सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे कमी घेणं आणि जास्त वापरणं. फोन आणखी दोन वर्षं चालवला तर तेवढं कोबाल्ट कमी लागतं. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या लहान खाणींत मुलंही राबतात. बॅटरी कोणत्या खाणीतून आली हे ग्राहकाला कळूच शकत नाही, त्यामुळे तिथे निवडीपेक्षा टिकवणं जास्त परिणामकारक ठरतं.

जिथे ग्राहकाचा हात पोचत नाही तिथे कायदाच हवा. कोको कंपन्यांनी २००१ साली बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवण्याचं स्वखुशीने मान्य केलं. मुदत पुन्हा पुन्हा वाढली. २०२० साली आलेल्या अहवालानुसार आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत कोकोच्या शेतीत बालमजुरी करणारी मुलं होती १५ लाख ६० हजार. याउलट फ्रान्सने २०१७ साली कायदाच केला, की मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे काय चालतं हे तपासलं पाहिजे. नाहीतर त्यांना कोर्टात खेचता येतं. त्या कायद्यामागे राणा प्लाझाचा मोठा धक्का होता.

एकट्यापेक्षा संस्थेची ऑर्डर मोठी

हा भाग मला सर्वांत आशादायक वाटतो आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. होंडुरासमधल्या जर्झीज दे होंडुरास या कारखान्यातल्या कामगारांनी युनियन केली. जानेवारी २००९ मध्ये रसेल या कंपनीने तो कारखाना बंद केला. सुमारे १,२०० जणांची नोकरी गेली. रसेल अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या नावाचे टीशर्ट आणि जॅकेट बनवायची. विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठाला विचारलं, की आपलं नाव या कपड्यांवर का? एकेक करत शंभरच्या आसपास विद्यापीठांनी कंपनीशी करार तोडले. नोव्हेंबरमध्ये रसेलने तिथे नवा कारखाना उघडायचं, काढलेल्या कामगारांना परत घ्यायचं आणि युनियनला मान्यता द्यायचं कबूल केलं. जॅकेट न घेणारा एकेकटा विद्यार्थी कंपनीला दिसला नसता. विद्यापीठाचं रद्द झालेलं कंत्राट दिसलं.

आपणही कुठल्या ना कुठल्या संस्थेचा भाग असतो: कंपनी, शाळा, दवाखाना, क्रीडामंडळ, सोसायटी. तिथे गणवेश, चहा-कॉफी, साबण, संगणक यांची खरेदी कोणीतरी ठरवत असतं आणि त्याला सहसा भावाखेरीज काही विचारलं जात नाही. विचारायचं असेल तर लेखी विचारावं. माल कोणत्या कारखान्यात बनतो, पुरवठादारांची यादी जाहीर आहे का, तिथे कामगारांना संघटना करायची मुभा आहे का, आणि तपासणीचा अहवाल बघायला मिळेल का. मोघम उत्तर आलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा पाठवावा आणि पुढचं कंत्राट कधी निघणार आहे ती तारीख आधीच विचारून ठेवावी, कारण ते निघण्याच्या आधीच्या महिन्यात पुरवठादार सर्वांत जास्त ऐकून घेतो.